अजून अर्धा आटा

घरच्या अंगणात मोटारसायकलचं चाक खोलून बसलेल्या माणसाकडे हत्यारं बेताची असतात. जोर मात्र बेताचा नसतो. एक पक्कड, एक स्क्रू पाना, गाडीसोबत मिळालेल्या पिशवीतला उरलासुरला ऐवज आणि घरची माणसं आपल्याकडे बघताहेत ही जाणीव, एवढ्या भांडवलावर काम सुरू होतं. त्यात चुका व्हायच्याच. पण त्या चुका जरा जवळून पाहिल्या की गंमत लक्षात येते. चेनची चूक, हवेची चूक, स्पोकची चूक, ब्रेकची चूक अशी वेगवेगळी नावं दिली तरी मूळ खोड एकच असते: नट जागेवर बसल्यावरही त्याला ‘अजून अर्धा आटा’ द्यायची. घरी चाकाची निगा राखणारा माणूस अज्ञानाने फारसा फसत नाही, तो घट्टपणावरच्या श्रद्धेने फसतो, असं माझं मत आहे. मोटारसायकलचं चाक हे ठरलेल्या जागी, ठरलेल्या मापाने ढिलं ठेवलेलं यंत्र आहे. आणि आपल्याला तर काहीही ढिलं दिसलं की हात शिवशिवतात.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: हा उद्योग घरी करावाच कशाला? गाडी मेकॅनिककडे न्यावी. हा आक्षेप ज्याच्या गल्लीत तीन गॅरेजं आहेत त्याने घ्यावा. एटापल्ली तालुक्यातून घेता येत नाही. गडचिरोली जिल्ह्याला वर्षानुवर्षं रेल्वेचं स्टेशन एकच, वडसा, आणि ते जिल्ह्याच्या उत्तर टोकाला. एटापल्ली दक्षिणेच्या जंगलात. याच तालुक्यातल्या गट्टा–गर्देवाडा–वांगेतुरी रस्त्यावर एसटी पहिल्यांदा धावली ती १ जानेवारी २०२५ रोजी. म्हणजे चंद्रावर यान उतरवून वर सव्वा वर्ष उलटून गेल्यावर. अशा मुलखात शंभर सीसीची गाडी हे वाहन नसतं, ती संस्था असते. रेशनचे तांदूळ तीच आणते, बाळंतिणीला दवाखान्यात तीच पोचवते, मोहफुलाचं पोतं तीच वाहते आणि पाहुणे आले की आठवडी बाजारातून कोंबडाही तीच आणते. तिचं मागचं चाक जारावंडीच्या किंवा कसनसूरच्या पुढे एखाद्या टोल्यावर, म्हणजे पाड्यावर, बसलं, तर मेकॅनिककडे न्यायची गाडी आधी न्यायच्या लायकीची करावी लागते. म्हणजे पाना हातात घेणं आलंच. शिवाय मेकॅनिक या श्रद्धेपासून मुक्त असतो असंही नाही. त्याने चेन मापात ठेवून गाडी परत दिली की गिऱ्हाईक बोटाने चेन हलवून पाहतं आणि म्हणतं, “काऊन हालून रायली बे ही? कसून टाक ना भाऊ!” भाऊ कसून टाकतो. पैसे गिऱ्हाइकाने द्यायचे असतात. सिद्धान्त सांगून पैसे मिळत नाहीत.

ही श्रद्धा आली कुठून, याचा शोध घेताना मला बैलगाडीचा संशय येतो. लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवायची तर ती आधी भट्टीत लाल करतात, चाकावर बसवतात आणि पाणी ओततात. धाव आकसते आणि सगळे आरे करकचून आवळले जातात. पिढ्यान्‌पिढ्या गावाने हा सोहळा उभं राहून पाहिला आहे, त्यामुळे चाक म्हटलं की घट्ट आवळणं असं समीकरण डोक्यात पक्कं झालं. पण गावाने सोहळ्याचा अर्धाच भाग ध्यानात ठेवला. त्याच चाकाचा तुंबा आखावर मोकळा फिरतो, त्याला वंगण लागतं, आणि चाक निसटू नये म्हणून बाहेरून फक्त एक खीळ असते. बैलगाडीवाल्याने आखावर चाक कधी आवळून बसवलं नाही. आवळलं असतं तर पहिला निषेध बैलांनीच नोंदवला असता. इंजिनाची अडचण अशी की ते मुकाट्याने ओढत राहतं आणि आपला निषेध पेट्रोलच्या खर्चात नोंदवतं.

आता चेनकडे या, कारण अर्ध्या आट्याचा खरा दरबार तिथे भरतो. गाडी मेन स्टँडवर लावून, खालच्या बाजूला मधोमध बोटाने दाबली की चेन वर-खाली हलायला हवी. बहुतेक लहान गाड्यांना हा खेळ अडीच-तीन सेंटिमीटरच्या आसपास असतो आणि नेमका आकडा पुस्तिकेत छापलेला असतो. पुस्तिका दस्तऐवज म्हणून आरसीबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली असते, वाचण्यासाठी नाही. हा ढिलेपणा कंपनीचा निष्काळजीपणा नव्हे. मागचं चाक धरणारा चिमटा पुढे एका खिळीवर आणि मागे शॉकअपवर झुलतो. गाडीवर वजन आलं, चाक वर उचललं गेलं, की पुढची गरारी आणि मागचा एक्सल यांच्यातलं अंतर वाढतं. गरारी, चिमट्याची खीळ आणि एक्सल एका रेषेत आले की ते सर्वांत जास्त असतं. रिकाम्या गाडीवर आपण मोठ्या समाधानाने ताणलेली चेन त्या क्षणी कुठे जाणार? ती स्वतः लांबते, नाहीतर गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग आणि चाकाचं बेअरिंग ओढते. इथे हमखास येणारा आक्षेप असा, की कंपनीचं माप गुळगुळीत रस्त्यांसाठी असतं. आमच्या रस्त्यावर चेन आपटते, म्हणून आम्ही जास्त ताणतो. तर्क नेमका उलटा हवा. सूरजागडच्या खाणीतल्या लोहखनिजाच्या ट्रकांनी ज्या रस्त्याची चाळण केली, त्यावर शॉकअप डांबरी रस्त्यापेक्षा कितीतरी जास्त खालपर्यंत बसतात. म्हणजे रस्ता जितका वाईट, तितकी चेनला ढिलाईची गरज जास्त. त्यात मागे दोन माणसं आणि मध्ये एक पोरगं असेल तर गाडी सुरू होण्याआधीच अर्धा खेळ संपलेला असतो.

चेन ताणायला माणूस प्रवृत्त होतो त्याचं आणखी एक कारण म्हणजे चुकीचा आरोपी. गिअर टाकताना झटका बसतो, गाडी हिसके देते, की संशय चेनवर. पुष्कळदा गुन्हेगार हबच्या आत बसलेला असतो: तिथली रबरं झिजून गेली की मागची गरारी हबमध्ये मागेपुढे खेळते. चेन कितीही ताणा, तो खेळ जात नाही. मग झटका गेला नाही म्हणून आणखी ताणायची. शिवाय झिजलेली चेन सगळीकडे सारखी लांबत नाही. चाक फिरवत चार-पाच ठिकाणी पाहावी आणि जिथे सर्वांत घट्ट असेल तिथे माप धरावं, हे न करता जिथे सर्वांत ढिली दिसली तिथेच पाना चालवला की उरलेल्या फेऱ्यात ती वीणेच्या तारेसारखी होते. चिमट्यावर दोन्ही बाजूंना रेघा कोरलेल्या असतात. त्या डावी-उजवी सारख्या जुळवण्यासाठी असतात, नक्षीसाठी नव्हे. एका बाजूचा नट दोन आटे पुढे गेला की चाक तिरकं बसतं, गाडी सरळ जाताना स्वार तिरका बसतो, आणि दोष नवीन टायरला लागतो. चेन लॉकची क्लिप हा असाच गरीब बिचारा भाग: तिचं बंद तोंड चेन धावते त्या दिशेला हवं. उलटी बसवली तर तिला निसटायला रस्त्याची मदत मिळते.

वंगणाच्या बाबतीत घट्टपणाची श्रद्धा दाटपणाच्या रूपाने येते. ग्रीस जितकं दाट तितकं चांगलं, आणि फुकटचं जळकं इंजिन ऑइल त्याहून चांगलं, असा समज आहे. एटापल्ली परिसरात या समजाची किंमत जास्त पडते, कारण सूरजागडचं खनिज हेमॅटाइट आहे आणि त्याची लाल धूळ रस्त्यावर उडत असते. सोनाराच्या दुकानात दागिन्याला चकाकी आणायला जी लाल रूज पावडर वापरतात, ती याच जातीची, लोहाचं ऑक्साइड. म्हणजे दाट ग्रीस फासलेली चेन घेऊन या रस्त्याने रोज गेलं तर गरारीला अखंड पॉलिश होत राहतं, तेही मजुरी न देता. फक्त काही महिन्यांनी दात उरत नाहीत. चेन रॉकेलच्या फडक्याने पुसावी, पातळसर गिअर ऑइल द्यावं आणि वर आलेलं पुसून टाकावं. पुसून टाकणं आपल्या जिवावर येतं, कारण तेल विकत घेतलेलं असतं. आणि एक गोष्ट थट्टा बाजूला ठेवून: इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून, फिरत्या चेनवर फडकं धरू नये. काम झटपट होतं हे खरं, पण फडकं ओढलं गेलं की मागोमाग बोटं जातात, आणि ती कुठल्याच दुकानात मिळत नाहीत. चाक हाताने फिरवा.

ब्रेकचा अर्धा आटा पावसाळ्यात दिला जातो. भामरागडजवळच्या पर्लकोटेचा पूर दरवर्षी बातम्यांत येतो. त्याच मोसमात ठेंगण्या रपट्यांवरून वाहणारे नाले मात्र कुणी मोजत नाही. गाडी अशा पाण्यातून पलीकडे आली की ड्रममध्ये पाणी शिरलेलं असतं, ब्रेकशूचं अस्तर ओलं होतं आणि पॅडल दाबलं तरी गाडी आपल्याच नादात चालत राहते. स्वार तिथेच उतरतो, मागच्या रॉडचा नट चांगला आवळतो आणि निश्चिंत होतो. पुढच्या काही किलोमीटरमध्ये अस्तर वाळतं. आता ब्रेक पाय न लावताच लागलेला असतो. ड्रम तापतो, गाडी जड वाटते, आणि या जडपणावर उपाय म्हणून कार्ब्युरेटर खोलला जातो. पाण्यातून आल्यावर हळू चालवत ब्रेक हलके दाबत राहिलं तर शू आपोआप वाळतो. नटाला हात लावायचं कारण नाही. हाच घोटाळा चेन ताणताना कोरड्या जागीही होतो. चाक मागे ओढलं की ब्रेकचा रॉडही ताणला जातो, त्यामुळे चेन जुळवल्यावर ब्रेक पुन्हा जुळवावा लागतो, म्हणजे बहुधा सैल करावा लागतो. ‘सैल करणे’ ही क्रिया दुरुस्तीत मोडते, हे आपल्या गळी उतरत नाही.

हवेबद्दल थोडक्यात. चेन कव्हरवर किंवा चिमट्यावर एक स्टिकर असतो, त्यावर पुढच्या आणि मागच्या चाकाचा दाब लिहिलेला असतो, एकट्याचा वेगळा आणि डबलसीटचा वेगळा. पायपंप मारणाऱ्याला हा स्टिकर दिसत नाही. तो थकेपर्यंत मारतो आणि अंगठा दाबून निकाल देतो. दगडासारखा टायर म्हणजे चांगला टायर, हा अंगठ्याचा निकाल. असा टायर गोट्यावरून उडतो आणि धक्का सरळ रिमला आणि स्पोकला देतो. मग कमी ठेवावी का? तीही नाही. कमी हवेत टायर रिमपर्यंत दबतो आणि ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. पंक्चर काढताना माणूस ट्यूबचं भोक बुजवतो आणि ज्याने ते पाडलं त्याला टायरच्या आत तसाच ठेवतो. बाभळीचा काटा असो, बांबूची फास असो, टायरच्या आतून बोट सावकाश फिरवल्याशिवाय तो सापडत नाही, आणि सापडला की बोटालाच आधी कळतं. सोल्युशन लावून लगेच ठिगळ दाबायचं नसतं, ते वाळू द्यायचं असतं. हा पाच मिनिटांचा ढिलेपणासुद्धा आपल्याला जड जातो. वॉल्व्हच्या बुडाचा छोटा नट तर रिमवर करकचून बसवलाच पाहिजे असं जवळपास सर्वांना वाटतं. टायर रिमवर जरा सरकला की ट्यूब सोबत जाते, वॉल्व्ह मात्र त्या नटाने खिळलेला असतो, आणि मुळापासून फाटतो. त्या फाटण्याला ठिगळ नाही. नट ढिला ठेवा, किंवा वर टोपीला भिडवून ठेवा.

स्पोक हा हवेपेक्षा नाजूक विषय, आणि तिथे उत्साह तर पोत्याने असतो. पान्याने टिचकी मारली की ताणलेला स्पोक टणत्कार देतो, ढिला बदबद वाजतो. इथवर सगळ्यांना कळतं. मग बदबद वाजणारा तेवढा एकच स्पोक धरून तो टणत्कार देईपर्यंत फिरवला जातो. लहान गाडीच्या चाकात साधारण छत्तीस स्पोक असतात, अर्धे रिमला डावीकडे ओढतात, अर्धे उजवीकडे. एकाला एकदम ताणलं की रिम त्याच्या बाजूला जाते. ती सरळ करायला समोरचा ताणायचा, मग रिम वरखाली होते, मग शेजारचा. संध्याकाळपर्यंत छत्तीसच्या छत्तीस टणत्कार देतात आणि चाक अंड्याच्या आकाराचं होतं. पाव पाव आटा द्यावा, दर वेळी चाक फिरवून फोर्कला धरलेल्या काडीशी रिम पाहावी, आणि हवा काढल्याशिवाय हे काम करू नये, कारण निपलमधून वर आलेलं स्पोकचं टोक ट्यूबची वाट पाहत असतं. बेअरिंगला हातोडी लागते तेव्हाही जोराचाच प्रश्न. नवं बेअरिंग बाहेरच्या कड्यावर ठोकून बसवायचं. आतल्या कड्यावर ठोकलं की प्रत्येक घाव गोळ्यांमधून जातो आणि नव्या बेअरिंगला पहिल्याच दिवशी म्हातारपण येतं.

इतकं वाचून कुणी म्हणेल, की मग सगळंच ढिलं सोडायचं का? नाही, आणि गाऱ्हाणं नेमकं हेच आहे. जिथे घट्टपणा जिवाचा प्रश्न असतो तिथे आपण पोचेपर्यंत जोर संपलेला असतो. एक्सलचा नट, मागच्या ब्रेकच्या टॉर्क रॉडचा नट, आणि त्यातली स्प्लिट पिन: पिनेच्या जागी बांधणीची तार, आणि तारेच्या जागी कधीकधी नुसता विश्वास. टॉर्क रॉड सुटला तर ब्रेक दाबताच ब्रेकची प्लेट चाकाबरोबर फिरायला निघते. पुढच्या चाकात प्लेटची खाच फोर्कच्या खुंटीत बसलीच पाहिजे, नाहीतर तोच प्रकार पुढे होतो, आणि पुढचं चाक एकाएकी अडलं की स्वार थांबत नाही. हे नट किती आवळायचे, हेही पुस्तिकेत न्यूटन-मीटरमध्ये दिलेलं असतं. टॉर्कचा पाना आम्ही कुठून आणायचा, हा आक्षेप रास्त आहे. पण पन्नास न्यूटन-मीटर म्हणजे पाव मीटर लांब पान्याच्या टोकाला साधारण वीस किलोची ओढ, आणि वीस किलो मोजणारा ताणकाटा मोहफुलाच्या हंगामात कुणाच्या ना कुणाच्या घरी असतोच. पान्याच्या टोकाला काटकोनात अडकवून ओढावा. प्रयोगशाळा हसेल, पण अंदाजापेक्षा बरं. जुगाडाला माझा विरोध नाही, मापाविना जुगाडाला आहे. रॉबर्ट पर्सिग यांच्या १९७४ साली आलेल्या ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेन्टेनन्स’ या पुस्तकात मित्राच्या बीएमडब्ल्यूचं ढिलं हँडल बसवायला निवेदक बिअरच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी सुचवतो, आणि मित्राला तो आपल्या गाडीचा अपमान वाटतो. पट्टी अगदी योग्य होती, कारण तिची जाडी योग्य होती. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी असल्याने हा सुटा भाग कायदेशीर मार्गाने मिळणार नाही, एवढीच अडचण.

शेवटचे दोन आक्षेप लवकर निकालात निघतात. ट्यूबलेस टायर आणि अलॉय चाकं आली, आता हे सगळं कशाला, असं म्हणणाऱ्याची ट्यूब आणि स्पोक सुटले हे कबूल. चेन, ब्रेक, बेअरिंग आणि हवा तिथेच आहेत, आणि दगडावर वाकलेली अलॉय रिम स्पोकच्या चावीने सरळ होत नाही. “माझी गाडी दहा वर्षं अशीच करकचून चालते” हा आक्षेप तर पुरावा म्हणून माझ्याच बाजूने वापरता येतो: त्या दहा वर्षांत किती चेनकिट आणि किती बेअरिंग गेली, ते त्याच्या सुट्या भागांच्या दुकानदाराला विचारावं. दुकानदार या प्रश्नावर प्रसन्न हसेल. तेव्हा चाक चढवण्याआधी स्टिकर वाचा, चढवल्यावर हाताने फिरवून पाहा, वरखाली आणि डावीउजवीकडे हलवून पाहा. आणि सगळं झाल्यावर फडक्यावर एखादा वॉशर किंवा बुश उरलेला दिसला, तर कंपनीने जास्तीचा दिला असेल असं समजून तो खिशात टाकू नका. चाक पुन्हा खोला.